पूर्व-पश्चिम पाळ

उज्जैनच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर, छोट्या कालीसिंधच्या काठी कायथा नावाचं गाव आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते ताम्रपाषाण युगातल्या ‘कायथा संस्कृती’मुळे माहीत असतं. उज्जैनच्याच विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1960च्या दशकात ही संस्कृती उजेडात आणली. या प्रकरणात मात्र आपल्याला याच गावाशी जोडला गेलेला सहाव्या शतकातला एक माणूस हवा आहे, वराहमिहिर. कपित्थक या ठिकाणी आपल्याला सूर्याचा प्रसाद मिळाला असं तो सांगतो, आणि कपित्थक म्हणजे हे कायथा असं बहुतेक अभ्यासक मानतात.

वराहमिहिराचं नाव आपल्याकडे निघतं ते पंचांगाच्या आणि ज्योतिषाच्या संदर्भात. पण त्याची ‘बृहत्संहिता’ हा मोठा अठरापगड ग्रंथ आहे. ढग, भूकंप, रत्नं, सुगंधी द्रव्यं, मूर्तींची मापं, घरांची मापं, सगळं त्यात आहे. त्यातलं ‘दकार्गल’ हे प्रकरण जमिनीखालच्या पाण्याचं. कोणत्या झाडाजवळ वारूळ असलं म्हणजे किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, हे त्यातले श्लोक लोकांना आवडतात आणि विहिरीची जागा दाखवणारे पाणाडी त्यांचा हवाला देतात. खरं सांगायचं तर मला त्या वारुळांपेक्षा प्रकरणाच्या शेवटाकडचे तीन-चार श्लोक जास्त मोलाचे वाटतात. ते तळ्याविषयी आहेत आणि तिथे चमत्काराचा लवलेश नाही.

तो म्हणतो, तळ्याची पाळ पूर्व-पश्चिम लांब ठेवा, पाणी दीर्घकाळ टिकेल. दक्षिणोत्तर ठेवलीत तर वाऱ्याने उठलेल्या लाटा ती फोडतील. तरीही तशीच हवी असेल तर लाटांचा मार लागतो तिथे टणक लाकडाचा किंवा दगडांचा आधार द्या, आणि भराव टाकाल तो थराथराने हत्ती-घोड्यांच्या पायांखाली तुडवून घ्या. पाळीवर अर्जुन, वड, आंबा, कदंब, जांभूळ, वेत, ताड, अशोक, मोह, बकुळ अशी झाडं लावून सावली धरा. आणि एका बाजूला जादा पाणी निघून जाण्याची वाट ठेवा. तिचा तळ दगडांनी बांधा, तिच्यात फट नसलेलं दार बसवा आणि ते मातीने दाबून घ्या.

जलसंपदा खात्यातल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला हे वाचून दाखवा. थर देऊन दाबलेला भराव, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, सांडवा, मोरीचं दार. मातीच्या धरणाची यादी जवळजवळ पूर्ण होते.

दिशेचा मुद्दा तर फारच नेमका आहे. वारा पाण्यावरून जितक्या लांबून येतो तितकी लाट मोठी होते. माळव्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तळं पूर्व-पश्चिम लांब असेल तर मोठ्या लाटा जाऊन आपटतात त्या पूर्वेच्या आखूड पाळीवर. दोन्ही लांब पाळी वाऱ्याला बऱ्याच अंशी समांतर राहतात आणि त्यांना मार कमी बसतो. म्हणजे तेवढा आखूड तुकडा दगडाने पक्का केला की भागलं. तेच तळं दक्षिणोत्तर लांब केलं तर पूर्वेची अख्खी पाळ वाऱ्याच्या तोंडी येते आणि दगडाचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. शेवटी ही पैशाची गोष्ट आहे.

लाकडाच्या आधाराचा सल्लाही उज्जैनच्या मातीतला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एन. आर. बॅनर्जी यांनी 1955 ते 1958 या काळात गढकालिका परिसरात उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन उज्जयिनीची मातीची तटबंदी हाती लागली. पायथ्याशी सुमारे 75 मीटर रुंद आणि 14 मीटरपर्यंत उंच. क्षिप्रेच्या पुराने ती खचू नये म्हणून नदीकडच्या बाजूला लाकडांचा आधार दिलेला होता. ही तटबंदी वराहमिहिराच्या आधी हजारेक वर्षांची. मातीचा प्रचंड ढीग पाण्याच्या शेजारी उभा ठेवायचा कसा, हे या गावाला ठाऊक होतं. वराहमिहिराने ते श्लोकांत बसवलं.

उज्जैनचा भिक्षू, मेकाँगचा काठ

वराहमिहिर उज्जैनच्या परिसरात लिहीत होता त्याच काळात उज्जैनचाच एक माणूस आजच्या कंबोडियात होता. त्याचं नाव परमार्थ. जन्म इ.स. 499, उज्जयिनीतल्या ब्राह्मण कुळात. पुढे तो बौद्ध भिक्षू झाला आणि मेकाँगच्या खालच्या खोऱ्यातल्या राज्यात, ज्याला चिनी बखरी फुनान म्हणतात, तिथे पोहोचला. चीनच्या लिआंग घराण्यातला सम्राट वू याला विद्वान भिक्षू आणि ग्रंथ हवे होते. त्याच्या दूतांबरोबर परमार्थ निघाला आणि 546 मध्ये दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर उतरला. बौद्ध ग्रंथांच्या मोठ्या भाषांतरकारांत चिनी परंपरा आजही त्याला मोजते. तो 569 मध्ये चीनमध्येच वारला.

परमार्थाने पिशवीत धरणाचे नकाशे नेले असं कोणी समजू नये. मुद्दा एवढाच की उज्जैन आणि मेकाँग यांच्यातली वाट त्या काळी चालती होती. ती पुढेही चालू राहिली. 961 च्या सुमाराचा अंगकोरचा प्रे रूप शिलालेख घ्या. राजेंद्रवर्मा या ख्मेर राजाची स्तुती करणाऱ्या त्यातल्या काही श्लोकांवर कालिदासाच्या ‘रघुवंशा’ची छाया स्पष्ट पडली आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. ज्या दरबारात रघुवंश पाठ होता तिथे संस्कृत शास्त्रग्रंथही असणार. तरीही ख्मेर स्थपतींनी बृहत्संहिता उघडून तळी बांधली असं म्हणायला मी धजणार नाही. बघायचं आहे ते त्यांनी काय बांधलं ते.

बाराय

अंगकोरच्या राजांनी बांधलेल्या प्रचंड आयताकार तळ्यांना बाराय म्हणतात. मोठे चार. पहिला इंद्रतटाक, राजा इंद्रवर्म्याचा. तो 877 मध्ये गादीवर आला आणि पाच दिवसांच्या आत खोदकामाला हात घालीन अशी त्याची प्रतिज्ञा शिलालेखात नोंदलेली आहे. लांबी सुमारे 3.8 किलोमीटर, रुंदी 800 मीटर. त्याचा मुलगा यशोवर्मा याने बापावर कडी केली. त्याचा यशोधरतटाक, म्हणजे आजचा पूर्व बाराय, साडेसात किलोमीटर लांब आणि 1.8 किलोमीटर रुंद. त्याच्या चारही कोपऱ्यांवर संस्कृत शिलालेख उभे केले होते. अकराव्या शतकात पश्चिम बाराय आला, सगळ्यांत मोठा. बाराव्या शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्म्याचा जयतटाक. चारही पूर्व-पश्चिम लांब.

का, याची उत्तरं तज्ज्ञ दोन देतात. एक धर्माचं: देवळं पूर्वाभिमुख, नगराची आखणी दिशांना धरून, तळंही तसंच. दुसरं जमिनीचं: उत्तरेच्या कुलेन डोंगरापासून दक्षिणेच्या तोन्ले साप सरोवराकडे सगळा मुलूख अगदी हळूहळू उतरत जातो, तेव्हा उताराला आडवी लांब पाळ घालणं सोयीचं. वाऱ्याचं वराहमिहिरी कारण त्यांत कोणी सहसा मोजत नाही. मी ते यादीत शेवटी का होईना, टाकीन.

आता बांधणी. तलाव म्हटला की डोळ्यांपुढे खड्डा येतो. बारायच्या बाबतीत खड्डा विसरायचा. ताटाला काठ असतो तशा सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीच्या पाळी उभ्या केल्या आणि आत पाणी सोडलं. पाळीसाठीची माती तिच्या अंगालगतच उकरली, त्यामुळे कडेने चर तयार झाले. आतली जमीन मात्र बाहेरच्या शेतांच्या पातळीतच राहिली. यातच सगळी खुबी आहे. साठलेलं पाणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावर राहिलं. दक्षिण पाळीला वाट करून दिली की रहाट नको, मोट नको, पाणी आपोआप खालच्या भातखाचरांकडे निघालं. खड्ड्यातलं पाणी मात्र उपसावं लागतं.

पश्चिम बाराय पहिल्या सूर्यवर्म्याने सुरू केला असं मानतात. त्याची राजवट साधारण 1006 ते 1050. काम पुरं झालं ते त्याच्यामागून. लांबी आठ किलोमीटरला थोडी कमी, रुंदी 2.1 किलोमीटर. पाणी जवळपास 5 कोटी घनमीटर मावायचं, म्हणजे सुमारे 1770 दशलक्ष घनफूट. पुण्याच्या खडकवासल्याचा उपयुक्त साठा 1970 दशलक्ष घनफूट आणि उज्जैनला पाणी देणाऱ्या गंभीर धरणाची क्षमता 2250, म्हणजे तुलना डोळ्यांसमोर येईल. फरक इतकाच की खडकवासल्याला मुठेचं खोरं आणि दोन्ही अंगांना डोंगर आयते मिळाले. सूर्यवर्म्याला सपाट माळ मिळाला.

त्या सपाटीची किंमत मोजून पाहू. चारी पाळींची लांबी मिळून 20 किलोमीटर भरते. पाळीची उंची 10 मीटर, पाया 100 मीटर आणि माथा 20 मीटर धरला तर भराव होतो 1 कोटी 20 लाख घनमीटर. एक माणूस दिवसाला दोन घनमीटर माती उकरून, टोपलीने वाहून, टाकून, बडवून देतो असं धरू. रोजगार हमीच्या कामावर घमेली उचललेल्यांना हा आकडा सढळ वाटेल. झाले 60 लाख मनुष्यदिवस. भाताची कामं सांभाळून वर्षातले कोरडे चार महिने दहा हजार माणसं लावली, तर पाच वर्षं. माणशी एकच घनमीटर धरला तर दहा. हे गणित माझं, ढोबळ, पण त्यातून दरबाराची ताकद कळते: दहा हजार माणसांना वर्षानुवर्षं भात पुरवून एका ठिकाणी राबवू शकणारं राज्य.

घाईही असावी, किंवा बेफिकिरी. दक्षिण पाळीच्या ओळीत अक युम नावाचं एक जुनं देऊळ आलं, अंगकोरच्याही आधीच्या काळातलं, पायऱ्यापायऱ्यांनी उंच होत जाणारं. पाळ वळवली नाही. देऊळच निम्मंशिम्मं मातीखाली गेलं. 1930च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्ववाल्यांनी ते उकरून काढलं, तेव्हा ती गोष्ट जगाला कळली.

बारायच्या मध्यभागी बेटावर पश्चिम मेबोन हे देऊळ. 1936 मध्ये तिथे मोरिस ग्लेझ यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं आणि शेषशायी विष्णूच्या अवाढव्य कांस्यमूर्तीचा वरचा भाग सापडला. डोकं, खांदे, दोन उजवे हात. हा विष्णू पाण्यावर पहुडला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला चिनी वकील झोउ दागुआन याने तळ्यातल्या बेटावरच्या निजलेल्या कांस्यबुद्धाचं वर्णन केलं आहे, त्याच्या नाभीतून सतत पाणी वाहतं असं. त्याने बहुधा विष्णूला बुद्ध समजलं आणि पश्चिमेच्या तळ्याला पूर्वेचं. परक्या देशात वर्षभर काढलेल्या माणसाला एवढी चूक माफ.

बाराय शेतीसाठी होते की राजाच्या पुण्यासाठी, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. बर्नार-फिलिप ग्रोलिये या फ्रेंच पुरातत्त्ववेत्त्याने अंगकोरला जलनगरी म्हटलं: बारायवर सिंचन, सिंचनावर भात, भातावर साम्राज्य. व्हान लिअर या डच पाणीतज्ज्ञाने 1980च्या सुमारास विचारलं, मग पाण्याची दारं कुठे आहेत? दाखवा. पुढे विमानातून घेतलेली रडारची आणि 2012 पासून लेसरची मापं आली. रोलंड फ्लेचर, डेमियन इव्हान्स यांच्यासारख्यांनी झाडोऱ्याखालचे कालवे, बांध आणि पाणी आत-बाहेर घेण्याच्या जागा नकाशावर आणल्या, तेव्हा ग्रोलियेचं पारडं बरंच जड झालं. मला हा वादच थोडा पुस्तकी वाटतो. पुष्करात स्नान करणारा माणूस त्याच पाण्यावर गाय पाजत नाही काय? आपल्याकडे कुठल्या गावतळ्याने देव आणि शेत यांच्यात निवड केली आहे?

त्याच वेळी माळव्यात

सूर्यवर्म्याच्या समकालीन राजाने माळव्यात आणखी मोठं पाणी अडवलं होतं. परमारांचा भोज, राजवट साधारण 1010 ते 1055. परमारांचा मुक्काम आधी उज्जैनला होता, भोजाने धारला बस्तान हलवलं. या घराण्याला तळ्यांचा नाद होता. धारचं मुंज तळं भोजाचा चुलता वाक्पती मुंज याच्या नावावर सांगतात. पण भोजाने बेतवेवर जे केलं त्याला तोड नाही.

भोपाळच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर भोजपूर. तिथे बेतवेच्या खोऱ्याभोवती टेकड्यांचं जवळजवळ अखंड कडं आहे. त्यात फक्त दोन खिंडी. एक सुमारे 100 यार्डांची, दुसरी 500 यार्डांची. भोजाच्या स्थपतींनी या दोन खिंडी बुजवल्या आणि अख्खं खोरं तळं झालं. एवढ्यानेही पाणी पुरेना, म्हणून भोपाळपाशी आणखी एक बांध घालून कलियासोत नदीचा प्रवाह इकडे वळवला, असं परंपरा सांगते. जादा पाण्यासाठी एका बुटक्या टेकडीचा खडक कापून सांडवा केला. वराहमिहिराची दगडाने बांधलेली वाट. इथे तर दगडातच कोरलेली.

बांधाजवळ गेलात तर एक दगड निवडून त्याच्याकडे नीट बघा. इंग्रजी अमदानीतल्या नोंदीत मापं आहेत: चार फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट जाड. वालुकाश्माचा असा एक चिरा दोन टनांच्या आसपास भरतो. असे चिरे एकावर एक रचले आहेत, चुन्याचा कण न वापरता, बांधाच्या दोन्ही अंगांना. मधे नुसती माती. चुना नाही म्हणून पाणी झिरपलं तरी सांध्यांतून वाट मिळते, मागे दाब साठत नाही. धाकट्या बांधाची उंची 44 फूट, पायाची जाडी 300 फूट. थोरल्याची उंची 24 फूट आणि सपाट माथा 100 फूट रुंद, म्हणजे आजच्या चौपदरी महामार्गाला पुरून उरेल.

जवळच भोजेश्वराचं अपुरं राहिलेलं देऊळ आहे. त्याच्या मागे मातीचा उताराचा रस्ता अजून शाबूत आहे. त्यावरूनच मोठाले दगड वर ओढून नेले. आसपासच्या सपाट खडकांवर देवळाचे आराखडे, खांबांचे आणि शिखराचे भाग कोरलेले दिसतात. स्थपतीची कागदं म्हणा ना. देऊळ पुरं झालं असतं तर ही चिन्हं घासून आणि हलवून नाहीशी झाली असती, आणि अकराव्या शतकातली माणसं दोन टनांचा दगड कसा हलवत, हे आपण नुसतं तर्काने सांगत बसलो असतो.

तळ्याचा विस्तार त्या जुन्या नोंदींत 250 चौरस मैल दिला आहे, म्हणजे 650 चौरस किलोमीटर. हा आकडा मला सढळ वाटतो. निम्मा धरा, पाव धरा. तरी पश्चिम बारायच्या 17 चौरस किलोमीटरपुढे तो कुठल्या कुठे जातो. आणि माती? वरची मापं घेऊन हिशेब केला तर दोन्ही बांधांचा भराव मिळून दोन-तीन लाख घनमीटरांच्या घरात येतो. सूर्यवर्म्याने 1 कोटी 20 लाख घनमीटर माती वाहिली आणि भोजाने तिच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्श्यात कित्येक पट मोठं तळं केलं. जागा निवडणाऱ्या माणसाची ही करामत. त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही.

पण या काटकसरीला दुसरी बाजू आहे. सूर्यवर्म्याच्या पाण्याचा भार वीस किलोमीटर लांबीच्या पाळीवर वाटला गेला होता. भोजाचं तळं मात्र दोन खिंडींवर टांगलेलं. मांडूचा सुलतान होशंगशाह याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात धाकटा बांध कापला. गोंडांची आठवण अशी की फौजेला तो फोडायला तीन महिने लागले, तळं रिकामं व्हायला तीन वर्षं, आणि तळ्याचा तळ राहण्याजोगा व्हायला तीस. तीन, तीन, तीस हे आकडे लोककथेचे आहेत, इतिहासाचे नव्हेत. पण त्या तळाची जमीन आज गव्हाची उत्तम जमीन आहे, हे खरं. होशंगशाहाला कोणी तळंफोड्या म्हणेल. मी त्याला सरळ जमिनीचा लोभी म्हणेन. काळ्याभोर जमिनीसाठी पाण्यावर पाय देणारा तो काही शेवटचा माणूस नव्हे.

साधारण त्याच दशकांत अंगकोरही ओस पडत होतं. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या वाढीच्या वर्तुळांवरून 2010 मध्ये संशोधकांनी दाखवलं की चौदाव्या शतकाच्या मध्यावर आणि पुन्हा पंधराव्याच्या सुरुवातीला तिथे दीर्घ दुष्काळ पडले, आणि मधल्या वर्षांत अतिवृष्टी झाली. कोरड्या वर्षांत कालवे दुर्लक्षित राहायचे, आणि मग पुराने तेच फोडून टाकायचे. सियम रीप नदीचं पात्र काही ठिकाणी इतकं खोल गेलं की जुन्या कालव्यांची तोंडं वर कोरडी राहिली. स्पेआन थ्मा नावाचा दगडी पूल आजही उभा आहे. नदी मात्र त्याच्या बाजूने वाहते.

उज्जैनचे सात सागर

आता पुन्हा उज्जैनला. इथलं पाणी ना सूर्यवर्म्यासारखं चार भिंतींत, ना भोजासारखं खिंडीत. इथे सात जुनी तळी, आणि त्यांना सागर म्हणायचा मान: रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर, पुरुषोत्तमसागर. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात त्यांचं माहात्म्य आहे. महाराष्ट्रात धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे जातात. उज्जैनमध्ये त्या अधिक महिन्यात बायका सात सागरांची यात्रा करतात आणि प्रत्येक काठावर वेगळं दान देतात. रुद्रसागराला मीठ, पुष्करसागराला पिवळं वस्त्र आणि हरभऱ्याची डाळ, गोवर्धनसागराला लोणी-खडीसाखर, पुरुषोत्तमसागराला मालपुवे. 2023 च्या अधिक श्रावणातही ही गर्दी होती. उज्जैनच्या जुन्या मराठी घरांतल्या आज्यांनाही या दानांची यादी तोंडपाठ असते. शिंद्यांचं ठाणं इथे 1810 पर्यंत होतं आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनीच अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं, तेव्हा मराठी माणूस इथे नवखा नाही.

पण काठ उरलेत का? महाकालाशेजारचा रुद्रसागर वाचला. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोकचं उद्घाटन झालं, नऊशे मीटरहून लांब शिल्पांकित वाट त्याच्या काठाने गेली आणि सांडपाणी तोडण्याचं काम निदान अजेंड्यावर आलं. ज्या तळ्याला इतक्या लोकांची नजर मिळाली ते तळं वाचतं. शहराच्या मधोमध असलेल्या गोवर्धनसागराचं नशीब एवढं थोर नव्हतं. त्याच्या काठावरची अतिक्रमणं आणि सप्तसागरांत मिसळणारं सांडपाणी हा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. इथे कोणी होशंगशाह फौज घेऊन आला नाही. एक दुकान, एक भिंत, राडारोड्याची एक ट्रॉली, असं वर्षावर्षाने पाणी मागे सरलं.

जाता जाता कालियादेहचा उल्लेख करायला हवा. शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर मांडूच्या सुलतानांनी महाल बांधला आणि दगडी पन्हळी-कुंडांतून नदीचं पाणी खेळवलं. बावन कुंड म्हणतात ते हेच. जहांगीर इथे येऊन गेला. पडझड झाल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1920च्या सुमारास त्याची डागडुजी केली. तो साठवणीचा नव्हे, शौकाचा पाणवठा होता. नदी वाहती होती तोवर त्याला काही कमी पडलं नाही.

नदीच वाहती राहिली नाही ही उज्जैनची आजची अडचण. 2014 मध्ये सुमारे 47 किलोमीटरच्या नळातून नर्मदेचं पाणी उचलून क्षिप्रेच्या उगमाशी आणून सोडलं, तेव्हा 2016 च्या सिंहस्थात रामघाटावर स्नान झालं. उन्हाळ्यात गंभीर धरण तळाला गेलं की शहर साहेबखेडी आणि उंडासा या तलावांकडे बघतं. हा उंडासा म्हणजेच सात सागरांतला रत्नाकरसागर. शहराबाहेर राहिल्याने तो जगला, आणि जगला म्हणून आज नळाला येतो.

या तीन गावांच्या पाण्यांची आजची हकिगत सांगून हे प्रकरण संपवतो. भोजपूरचं तळं गेलं, पण कलियासोत वळवण्यासाठी म्हणून भोजाच्या नावावर सांगितला जाणारा भोपाळचा बांध कमला पार्कखाली अजून काम करतो. त्यामागचा मोठा तलाव भोपाळच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा पुरवतो, आणि 2002 पासून तो रामसर यादीत आहे. अंगकोरचा पूर्व बाराय कोरडा आहे, त्यात भात पिकतं. जयतटाकात कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणाने पुन्हा पाणी भरलं आहे. पश्चिम बारायच्या दक्षिण पाळीला 1950च्या दशकात अमेरिकी मदतीने दार बसवण्यात आलं. गाळाने पूर्वेचा भाग उथळ झाला असला तरी पश्चिमेकडे बारमाही पाणी असतं आणि त्यावर शेतं भिजतात. सूर्यवर्म्याने जरुरीपेक्षा पन्नासपट माती वाहिली असेल, पण हजार वर्षांनी त्याच्याच तळ्यात पाणी आहे.

उज्जैनला जाणार असाल तर महाकालाचं दर्शन झाल्यावर रिक्षावाल्याला उंडासा तलाव सांगा. तो आधी विचारील, तिथे काय आहे? पाळीवर उभे राहा आणि ती कोणत्या दिशेला लांब आहे, लाटा कुठे आपटतात आणि तिथे दगड लावलेत की नाहीत, हे तपासा.